सूचनेआधीचे डोळे

मंगळवारी सकाळी दिवसातली तिसरी नोंद उघडली आणि माझ्या लक्षात आलं, की या बाईचे डोळे सूचनेच्या आधी हलले आहेत. झोपेच्या तपासणीत, दिवे मालवण्याआधी, डोक्याला तारा लावलेल्या माणसाला शेजारच्या खोलीतून तंत्रज्ञ काही सूचना देते. वर बघा. खाली बघा. डावीकडे. उजवीकडे. पाच वेळा डोळे मिचकवा. दात आवळा. डाव्या पायाचा पंजा हलवा. प्रत्येक सूचनेला ती एक कळ दाबते आणि नोंदीवर एक उभी रेघ उमटते. त्या रेघेनंतर अर्ध्या-एक सेकंदाने, म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत कधी दोन सेकंदांनी, डोळ्यांची रेषा वर उचलली जाते. तारा नीट चिकटल्यात ना, एवढंच त्यातून पाहायचं असतं, त्यामुळे या पानांकडे फारसं कुणी निरखून बघत नाही. मी बघते. या नोंदीत 'वर बघा'ला रेघ आधी होती. 'खाली बघा'ला रेघ आणि डोळे एकदमच. तिथून पुढे मात्र डोळे रेघेच्या पुढे पळत होते. दात तर चांगले पाऊण सेकंद आधी आवळलेले. पुढचं वाक्य पाठ असलेल्या माणसाचे डोळे. सूचनांचा हा क्रम मी बसवला होता आणि एकतीस वर्षं रोज संध्याकाळी मीच तो म्हणत होते. पडद्याच्या कोपऱ्यात लिहिलं होतं: स्त्री, वय अडुसष्ट, खोली क्रमांक दोन. नावाच्या जागी नंबर.

माझ्या हातातली पेन्सिल मी खाली ठेवली. पेन्सिलीचं आता काही काम नसतं, आकडे कळफलकावरच टाकायचे असतात, पण हातात काही नसलं तर मला वाचता येत नाही. निवृत्तीनंतर दहा वर्षं मी आठवड्यातून दोन सकाळी इथे येते. एकीने वाचलेली नोंद पुन्हा, पहिलीचे आकडे न बघता, वाचायची. दुसरी वाचणारी, असं माझं पद. रात्रीचे तीस-तीस सेकंदांचे तुकडे केलेले असतात. पूर्वी खरोखरची कागदाची पानं असायची, एका रात्रीची साडेनऊशे, म्हणून मी अजून पानच म्हणते. प्रत्येक पानाला एक आकडा. एक म्हणजे डुलकी, दोन म्हणजे बेताची झोप, तीन म्हणजे गाढ. माझे आणि पहिलीचे आकडे शंभरांत एक्क्याण्णव पानांवर जुळतात. या वयाला हे फार आहे, असं इथली तरुण मंडळी म्हणतात, आणि मला त्यातलं 'या वयाला' ऐकू येतं.

खोली दोनमध्ये मी झोपले होते हे मला नीट आठवत होतं. पाच आठवड्यांपूर्वीची गोष्ट. डुलकी म्हणाली होती, तारांऐवजी नवी टोपी आली आहे, एखाद्या धडधाकट, वयस्क माणसावर तिची चाचणी घ्यायची आहे, तुम्ही झोपाल का एक रात्र? डुलकी म्हणजे आता इथली मुख्य डॉक्टर. तेवीस वर्षांपूर्वी शिकायला आली तेव्हा पहिल्याच पाळीत पेशंटच्या आधी ही गाढ झोपली, तेव्हापासून मी तिला डुलकी म्हणते. तिचं खरं नाव सगळे घेतात, मी घेत नाही. तिचे शब्दसुद्धा मला आठवत होते. "टोपीची चाचणी आहे हो, दुसरं काही नाही." चाचणीची नोंद चाचणीच्या कप्प्यात जाते. पेशंटांच्या नोंदींत, नंबर घालून, वाचायला येत नाही. म्हणजे मला पेशंट म्हणून झोपवलं होतं. गोड बोलून.

मग मी वाचायला लागले. दुसरं काय करणार? कुणाची का असेना, नोंद समोर असली की मी पहिल्या पानापासून जाते. चौतीस पानं जागेपणी. मग एक, एक, दोन, पुन्हा जाग. संथ लाटा शोधत मी बराच वेळ नुसती पानं उलटत राहिले. तरुण मेंदूत पहिल्या दोन तासांत त्या अशा येतात, की पूर्वी पेनचा काटा कागद फाडेल अशी भीती वाटायची. इथे लाटा होत्या, पण बुटक्या. नियमात बसायला लागणाऱ्या उंचीच्या जेमतेम खाली. बऱ्याच पानांवर मला तीन टाकावासा वाटला आणि मी मोजून दोन टाकला. मधूनमधून चात्या दिसत होत्या, जलद लाटांचे छोटे झुबके. स्पिंडल म्हणतात त्यांना, पण शिकवताना मी चाती म्हणायचे, कारण दोन्ही टोकांना निमुळता, मध्ये फुगलेला तो सुताचा गुंडाळा एकदा पाहिला की विसरत नाही. चाती लाटेच्या माथ्याशी यावी लागते. दिवसभरात जे कच्चं टिपलेलं असतं ते पक्कं व्हायला या दोघींची गाठ पडावी लागते, असं आता बऱ्यापैकी मानलं जातं. इथे चाती लाट ओसरल्यावर येत होती, उशिरा, फलाटावर धापा टाकत पोचलेल्या माणसासारखी. आणि दर दोन-तीन मिनिटांनी जाग; डोळेही न उघडणारी, सकाळी आठवणारही नाही अशी, तीन-चार सेकंदांची जाग. सहाशे वीस पानं झोप, त्यांतली गाढ एकवीस. दुसऱ्या कुणाची असती तर मी शेऱ्यात लिहिलं असतं: झोप तुटक, वयाच्या मानानेही गाढ झोप कमी, स्मरणशक्तीची तपासणी करावी.

हे वाक्य मी आयुष्यात दोन-अडीचशे वेळा तरी लिहिलं असेल. कुणाच्या तरी आईबद्दल, कुणाच्या तरी सासऱ्याबद्दल. ते कुणी तरी घरी नेऊन वाचत असेल, हे मनात यायचं नाही.

तिथेच थांबायला हवं होतं. दुसऱ्या वाचणारीने नातेवाइकांनी भरलेला तक्ता बघायचा नाही, कारण एकदा तक्रार वाचली की नोंदीत तीच दिसायला लागते. हा नियमही माझाच. मी कपाटातून काढून तक्ता उघडला. लेकीने भरला होता. तीच तीच गोष्ट पुन्हा सांगतात का? हो. किती वेळा? रोज. घरातली वस्तू भलत्या जागी ठेवतात का? हो. स्वभावात बदल? नाही. आणि 'आणखी काही' अशी जी जागा असते, तिथे लिहिलं होतं: "ती झोपेतून उठून माझ्या दारात येऊन उभी राहते. मी झोपलेय का बघते. मी डोळे मिटून पडून राहते. ती गेली की मग मला झोप लागत नाही."

मला दारात उभं राहिल्याचं आठवतं. एकदा. फार तर दोनदा. लेक अडतीस वर्षांची आहे, माझ्याबरोबर राहते, नकाशे काढण्याच्या कचेरीत काम करते, आणि कुशीवर, एक हात उशीखाली घालून झोपते. मी तिचा श्वास मोजला होता, मिनिटाला चौदा, आणि गाढ झोपलीय म्हणून समाधानाने परत गेले होते. एकतीस वर्षं मी खरी झोप आणि सोंग यांतला फरक सांगत आले. लोक सोंग घेतात. तपासणीला येऊनही घेतात. मला फसवणं कुणाला जमलं नाही. आणि ही माझ्या पोटची मुलगी रोज डोळे मिटून, श्वास सारखा ठेवून मला दारातून परत पाठवत होती. तान्ही असताना ही तिच्या बाबांजवळ झोपायची, कारण मी तेव्हा रात्रपाळीला. यांची झोप अशी की नगारे वाजले तरी कूस बदलणार नाहीत. ती रडून रडून आपली आपण झोपायला शिकली. मी सकाळी सातला घरी यायचे तेव्हा दोघं उठलेली असायची. मुलीला झोपलेली मी क्वचितच पाहिली होती. आता बघत होते, तर तेही खोटं.

खिडकीला मी तेव्हा दुहेरी जाड कापड लावलं होतं आणि सकाळी आठ ते दुपारी एक झोपायचे. इथले तेव्हाचे मोठे डॉक्टर म्हणायचे, "रात्रीचं दिवसा भरून निघतं, तू काळजी करू नकोस." मी नोकरीला लागले तेव्हा सत्तावीस वर्षांची होते आणि ते ज्या शांतपणे हे म्हणायचे त्यावरून मला वाटायचं की हे कुठे तरी मोजलेलं आहे. नंतर कळलं की कुणी मोजलेलंच नव्हतं. अलीकडे वाचलं, की झोपेत मेंदूच्या पेशींमधल्या फटींतून द्रव वाहतो आणि दिवसभराचा कचरा धुऊन नेतो. उंदरांत असं दिसलंय, माणसांत किती आणि कसं यावर अजून वाद चाललाय. झोप मोडते म्हणून मेंदू झिजतो, की मेंदू झिजू लागला म्हणून झोप मोडते, हेही नक्की सांगता येत नाही. बहुधा दोन्ही एकमेकांना ओढत नेतात. त्यामुळे माझ्या एकतीस वर्षांच्या रात्रींनी माझं हे केलं, असं मी म्हणणार नाही. तसा पुरावा नाही. पण दुसऱ्यांची झोप राखत बसलेल्या बाईला आपली कुठे ठेवली ते सापडू नये, याचा राग यायला पुरावा लागत नाही. आणि मोठे डॉक्टर गेले. रागवायचं तरी कुणावर?

मी लेकीला फोन लावला.

"आई? काय झालं?" तिच्या मागे कुणी तरी हसत होतं.

"काही नाही. तू तक्ता भरलास का माझा?"

 हसणारा आवाज मागे पडला; बहुतेक ती उठून बाहेर आली.

"तुला कुणी दाखवला?"

"मला दाखवायला कशाला लागतं कुणी? त्या कपाटाच्या सगळ्या किल्ल्या मीच केल्यात. रोज म्हणे! रोज सांगते मी तीच गोष्ट?"

"आई, संध्याकाळी बोलू या का?"

"संध्याकाळी मी विसरले तर?"

"असं नको ना बोलूस."

"मग कसं बोलू? पूर्वी म्हणायचीस, आई, झालंय हे सांगून, पुढे बोल. हल्ली म्हणत नाहीस. सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतेस, पाहुणीसारखी. मला वाटलं पोरगी सुधारली."

ती रडत नव्हती, हे मला श्वासावरून कळलं. आणि मग लगेच वाटलं, की तिच्या श्वासावरून मला काही कळतं असं मी कशाच्या जोरावर म्हणतेय?

"तू डॉक्टरांना भेट," ती म्हणाली. "आत्ता जा. मी त्यांना फोन करते. मला बोलायची परवानगी नाही, आई."

परवानगी नाही. दोघींनी मिळून माझ्यासाठी नियम केले होते. बोळातून जाताना भिंतीला हात लावून गेले; तोल जात नव्हता, पण काही तरी हाताला लागावंसं वाटत होतं. हल्ली महिन्याभरात जे झालं होतं ते सगळं मागून पुढे उलगडत होतं. गेल्या गुरुवारी डुलकीने मला घरी सोडायला गाडी काढली होती, वाकडी वाट करून. इथल्या पोरी माझ्या चहाचा कप माझ्या हाताशी आणून ठेवायला लागल्या होत्या. मी त्याला मान समजत होते. केसाने गळा कापायचा असतो तेव्हा आधी केस मऊ असावे लागतात.

डुलकीच्या खोलीचं दार उघडं होतं. फोन नुकताच ठेवलेला दिसत होता. तिने मला बसा म्हटलं नाही, उठून खुर्चीच ओढली.

"सापडली का?" ती म्हणाली. तिच्या तोंडावर चक्क आनंद होता. त्याने मी जास्त भडकले.

"टोपी कुठाय?"

"कुठली टोपी?"

"नवी टोपी. जिची चाचणी म्हणून मला झोपवलंस. 'टोपीची चाचणी आहे हो, दुसरं काही नाही.' असं म्हणालीस ना? इथेच, या टेबलापाशी. मी तुला तार कुठे चिकटवायची ते शिकवलं, बाई, तू झोपायचीस तेव्हा तुझ्या नावावर मी पानं वाचली. मला सरळ सांगायची लाज वाटली? ताई, तुमचं डोकं तपासायचंय, असं?"

तिच्या चेहऱ्यावरचा आनंद हळूहळू उतरला. राग यायला हवा होता, किंवा अपराधीपणा. मी दोन्हींची तयारी करून गेले होते. तिच्या चेहऱ्यावर आली ती काळजी, पेशंटसमोर येते ती.

"ताई," ती म्हणाली, "टोपी कधी आलीच नव्हती." आणि तिने खालचा खण उघडून एक पाकीट काढलं. पाकिटावर चिकटपट्टी लावून तिच्यावर माझी सही होती. "तुम्ही नोंद ओळखलीत की मग उघडायचं, असं ठरलंय. तुम्हीच उघडा."

आत चौकोनी रेघांचा एक कागद होता, सूचनांचे क्रम लिहायला आम्ही वापरतो तो. अक्षर माझं. खाडाखोड नाही. "माझी एक रात्रीची नोंद घ्यावी. लेकीला तक्ता भरायला मी सांगितलं आहे. तिने खरं लिहावं. चार आठवड्यांनंतर केव्हाही नोंद नंबर घालून इतर नोंदींत मिसळून मला वाचायला द्यावी. मला काहीही आठवण करून देऊ नये, मी विचारलं तरी. मी ती माझी म्हणून ओळखली तर काम चालू ठेवावं. ओळखली नाही तर दुसऱ्या दिवसापासून मला काम देऊ नये आणि मी कितीही भांडले तरी ऐकू नये. इथल्या मुलींनी विचारलं, तर टोपीची चाचणी आहे, दुसरं काही नाही, असं सांगावं." खाली तारीख, माझी सही, डुलकीची सही, लेकीची सही.

मी तो पुन्हा वाचला. वाक्यं माझीच होती, 'केव्हाही'ला मी जशी शेपटी देते तशी शेपटी होती, पण लिहितानाची बाई कुठे दिसेना. कुठे बसून लिहिलं, दिवस होता की दिवे लागले होते, पेन कुणाचं होतं. त्याच्या जागी मला डुलकी दिसत होती, टेबलाला टेकून 'टोपीची चाचणी आहे हो' म्हणणारी. तिने निळा सदरा घातलेला, हातात चष्मा. इतकी स्वच्छ. मी मुलींसाठी रचलेली थाप माझ्याच डोक्याने उचलली होती, तिला डुलकीचं तोंड दिलं होतं, सदरा चढवला होता, आणि खरं होतं ते टाकून दिलं होतं.

"पण तुम्ही ओळखलीत," डुलकी घाईघाईने म्हणाली. "अट तीच होती. डोळ्यांवरून ओळखलीत ना? मी पैज मारली होती मनाशी, ताई डोळ्यांवरून ओळखणार. आमच्यातल्या एकीलाही ते दिसलं नाही. गुरुवारच्या चार नोंदी तुमच्या नावाने ठेवल्यात मी."

"आणि टोपी?"

"टोपीचं अटीत नव्हतं."

"नव्हतं," मी म्हटलं. "माझ्या डोक्यात आलं नाही तेव्हा."

ती माझ्याकडे बघत राहिली. तेवीस वर्षांपूर्वी मी तिला खांद्याला धरून हलवून जागी करायचे, तेव्हा ती अशीच बघायची, कुठे आहोत ते न कळून. मी कागद घडी घालून तिच्याकडे दिला नाही, माझ्याजवळ ठेवला, आणि नोंद पुरी करायची राहिलीय म्हणून उठले. या दोघींना मी बोलले ते सगळं खोटं ठरलं होतं, आणि तरी तो राग कुठे गेला नव्हता. तो तसाच होता, फक्त त्याला आता बसायला खुर्ची नव्हती. त्यांनी शब्द पाळला होता. पाच आठवडे माझ्याकडे बघून, मी विचारलं तरी गप्प राहून. मी विचारलं होतं का? ते मी विचारलं नाही.

बोळातल्या खिडकीशी थांबून लेकीला पुन्हा फोन केला.

"वाचलंस?" ती म्हणाली.

"वाचलं. तुझी सही अजून कोंबडीचे पाय आहेत."

ती हसली, मग हसता हसता तिचं नाक वाहायला लागलं ते ऐकू आलं.

"एक सांगू का," मी म्हटलं, "मी दारात आले तर डोळे उघडत जा."

"तू घाबरशील."

"घाबरू दे. पण झोपलीय असं सांगून मला परत नको पाठवूस. तेवढं तरी मला खरं कळू दे."

"बरं." मग नाक ओढून, "आई, झालंय हे सांगून, पुढे बोल, असं म्हणत जाऊ परत?"

"आधी मी म्हटलं का हे?"

"अगं, आत्ता तूच..." ती थांबली. "हो. सकाळी फोनवर."

"मग म्हणत जा," मी म्हटलं.

जागेवर येऊन मी उरलेली पानं वाचली. शेवटाकडे स्वप्नांचा एक तुकडा होता, सतरा पानं, त्यात डोळे जोरात इकडेतिकडे. काय बघत होते कोण जाणे. मग दिवे लागल्याची खूण. सकाळी तारा काढण्याआधी सूचना पुन्हा देतात, रात्रभरात काही ढिलं झालं का ते कळायला. वर बघा. रेघ, आणि सव्वा सेकंदाने डोळे. खाली बघा. दीड सेकंद. डावीकडे, उजवीकडे, सगळीकडे आधी रेघ, मग, सांगितल्यावर, डोळे. दात आवळायला दोन सेकंद. संध्याकाळी क्रम पाठ असलेली बाई सकाळी कुणा दुसरीसारखी, एक एक शब्द ऐकून, मग हलत होती. मी दोन्ही पानं शेजारी शेजारी लावून पाहिली. नुकती उठलेली माणसं मंद असतात, हे मला ठाऊक आहे. एका रात्रीवरून कुणाचं काही ठरवू नये, हेही मीच शिकवते. त्याबरोबर आणखी एक शिकवते: सुरुवातीचं आणि शेवटचं मोजमाप जुळलं नाही, तर मधल्या आकड्यांवर विसंबू नका, मग ते कितीही चांगले दिसोत.

कागद उघडून सह्यांच्या खाली पेन्सिलीने लिहिलं: "ओळखली. परंतु टोपी खरी मानली. गुरुवारच्या नोंदी दुसऱ्या कुणाला द्याव्यात. मी भांडेन. ऐकू नये." तारीख घातली. तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर बघून घातली आणि तेही कंसात लिहिलं. पेन्सिल कागदावर ठेवली, डुलकीला दिसेल अशी.

शेवटचं एक पान राहिलं होतं. डोळे उघडे, दात सैल, पाय स्थिर, कुणी तरी तारा काढायला येईपर्यंत नुसती पडून असलेली बाई. त्या पानाला मी शून्य टाकलं. शून्य म्हणजे जाग.